पिएर जोसेफ पेल्त्ये

पिएर जोसेफ पेल्त्ये (जन्म: २२ मार्च १७८८, पॅरिस; मृत्यू: जुलै १८४२) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व औषधनिर्माते होते. क्विनीन, एमेटीन, स्ट्रिक्नीन इत्यादी वनस्पतिजन्य अल्कलॉइडांच्या शोधासाठी ते ओळखले जातात.

== सुरुवातीचे जीवन ==
पेल्त्ये यांचे वडील बर्त्राँ पेल्त्ये हेही औषधनिर्माते व रसायनशास्त्रज्ञ होते. १७९७ मध्ये त्यांचे निधन झाले. जोसेफ यांनी पॅरिस येथे औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेऊन घराण्याचा व्यवसाय पुढे चालवला. १८२५ मध्ये ते तेथील औषधनिर्माण विद्यालयात प्राध्यापक झाले.

== संशोधन ==
१८१७ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माझाँदी यांच्या सहकार्याने त्यांनी इपिकाक या दक्षिण अमेरिकी वनस्पतीच्या मुळांतून एमेटीन वेगळे केले. त्यानंतर जोसेफ काव्हाँतू या तरुण सहकाऱ्यासह त्यांनी स्ट्रिक्नीन (१८१८) व ब्रुसीन (१८१९) शोधले. पानांतील हिरव्या रंगद्रव्याला 'क्लोरोफिल' हे नावही या दोघांनीच दिले.

१८२० मध्ये त्यांनी सिंकोनाच्या पिवळ्या सालीतून क्विनीन मिळवले. हिवतापावर ही साल पूर्वीपासून दिली जात असे. परंतु तिच्यातील औषधी अंश सालीगणिक बदलत असल्याने मात्रा निश्चित करता येत नसे. शुद्ध क्विनीनमुळे ही अडचण दूर झाली. या शोधाचे एकस्व न घेता दोघांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. पेल्त्ये यांनी क्विनीनचे मोठ्या प्रमाणावर उत्पादनही केले.

== एमेटीन आणि विषाणू ==
क्विनीन हिवतापाच्या परजीवीवर परिणाम करते. एमेटीनची क्रिया वेगळी आहे. ते पेशीतील रायबोसोमला चिकटून प्रथिननिर्मिती थांबवते. डेंग्यू, झिका यांसारख्या डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंजवळ स्वतःचे रायबोसोम नसतात. त्यांना आश्रयी पेशीच्या यंत्रणेवर अवलंबून राहावे लागते. त्यामुळे अशा संयुगांकडे संशोधकांचे लक्ष वळले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एमेटीनने झिका विषाणूची वाढ रोखल्याचे आढळले. तेथे विषाणूच्या विकराबरोबरच पेशीतील लयकारिकांवरही त्याचा परिणाम दिसून आला.

मात्र जी क्रिया विषाणूला रोखते, तीच रुग्णाच्या निरोगी पेशींनाही बाधते. सर लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये कलकत्ता येथे आमांशावर एमेटीनची इंजेक्शने देण्यास सुरुवात केली. पुढे हा उपचार सर्वत्र रूढ झाला. परंतु हे औषध शरीरात साठत राहून हृदयाच्या स्नायूंना इजा करते, असे दिसून आले. कमी विषारी औषधे उपलब्ध होताच त्याचा वापर मागे पडला. डेंग्यू वा झिकावरील उपचार म्हणून एमेटीन रूढ नाही. आश्रयी पेशीला लक्ष्य करणाऱ्या औषधांत उपयुक्त व घातक मात्रांमधील अंतर पुरेसे असावे लागते.

== सन्मान व स्मारक ==
क्विनीनच्या शोधाबद्दल फ्रेंच विज्ञान अकादमीने १८२७ मध्ये पेल्त्ये व काव्हाँतू यांना १०,००० फ्रँकचे पारितोषिक दिले. १८४० मध्ये पेल्त्ये अकादमीचे सदस्य झाले. १९०० मध्ये पॅरिसच्या बुलव्हार साँ-मिशेल या रस्त्यावर दोघांचा पुतळा उभारण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याच्या काळात तो धातूसाठी वितळवण्यात आला. १९५१ मध्ये त्याच जागी नवे स्मारक उभारले गेले.