संत गाडगेबाबा : खराटा आणि कीर्तनातून संसार शिकवणारे लोकशिक्षक

गाडगेबाबा म्हटले की हातातला खराटा आठवतो. पण गाव झाडणे हा त्यांच्या कामाचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा भाग रात्रीच्या कीर्तनात असे. कर्ज कसे टाळावे, दारू का सोडावी, मुलांना शाळेत का घालावे, हे ते गावातल्या बाया-माणसांना समोर बसवून शिकवत. स्वतः मात्र ते कधी शाळेत गेले नव्हते.

जन्म आणि बालपण

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि डेबू लहान असतानाच वारले. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरच्या गावी आली. तिथे डेबूने गुरे राखली, पुढे शेती केली. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात अडकलेली त्याने पाहिली. दारूने बापाचे घर बुडवले, कर्जाने मामाचे. या दोन गोष्टी पुढे त्यांच्या कीर्तनात कायम राहिल्या.

पहिला धडा स्वतःच्या घरात

१८९२ मध्ये त्यांचे कुंताबाईंशी लग्न झाले. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारूचे जेवण द्यायची रीत होती. त्यासाठी लोक कर्जही काढत. डेबूजींनी ही रीत मोडली आणि गोड जेवण घातले. नातेवाईक नाराज झाले, पण ते मागे हटले नाहीत.

गृहत्याग

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, सोबत मातीचे गाडगे आणि हातात खराटा. या गाडग्यावरूनच त्यांना गाडगेबाबा हे नाव मिळाले. या निर्णयाची किंमत घरच्यांनाही मोजावी लागली. आई, पत्नी आणि मुले मागे राहिली. १९२३ मध्ये मुलगा गोविंद याचा मृत्यू झाला, तेव्हा बाबा दूर कोकणात होते. बातमी कळल्यावरही त्यांनी कीर्तन थांबवले नाही. पुढे लोकांच्या पैशातून मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांवर त्यांनी स्वतःच्या कुटुंबाचा हक्क ठेवला नाही.

कीर्तन कसे असे?

बाबा गावात आले की आधी रस्ते आणि गटारे साफ करत. ते पाहून गावकरीही हातात झाडू घेत. रात्री कीर्तनाला गर्दी जमे. भाषा साधी वऱ्हाडी. ते पोथी समजावून सांगत बसत नसत. समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घेत. चुकीच्या सवयीवर सगळा गाव हसे, आणि त्या हसण्यातच ज्याचा त्याला धडा मिळे.

त्यांच्या शिकवणुकीत या गोष्टी वारंवार येत :

• कर्ज काढून सण, लग्न किंवा तीर्थयात्रा करू नये.
• दारूला शिवू नये.
• नवसासाठी कोंबडे-बकरे कापू नये.
• घर, अंगण आणि गाव स्वच्छ ठेवावे.
• शिवाशिव पाळू नये.
• वेळ पडली तर ताट विकून हातावर भाकरी घ्यावी, साधे लुगडे नेसावे, पण मुलांना शिकवावे.

हे सगळे घरखर्चाच्या हिशेबातून सांगितल्यामुळे न शिकलेल्या बाईलाही कळे. बाबा कोणाला पाया पडू देत नसत आणि कोणाला शिष्यही करत नसत.

संस्था आणि शिक्षणाला मदत

पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशीही त्यांचे जवळचे संबंध होते. रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये कराडला सुरू केलेल्या महाविद्यालयाला बाबांचे नाव आहे. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या परिसरात, प्रवासातच त्यांचे निधन झाले.

मराठवाड्यात आजही

राज्य सरकारने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. राज्यातल्या इतर जिल्ह्यांप्रमाणे नांदेड आणि लातूरमधील गावांपर्यंतही ते पोहोचले. नांदेड जिल्ह्यातील लोहा येथील महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. अमरावती विद्यापीठालाही २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

नांदेड-लातूरच्या कोरडवाहू पट्ट्यात एक पीक गेले की घराचा सगळा हिशेब कोलमडतो. अशा घरात लग्नासाठी काढलेले कर्ज वर्षानुवर्षे फिटत नाही आणि आधी मुलीची शाळा सुटते. म्हणूनच बचत गटाची बैठक, दारूबंदीसाठी महिलांची ग्रामसभा किंवा सामुदायिक विवाह मेळावा, या सगळ्यांत आजही जे सांगितले जाते ते गाडगेबाबांच्या कीर्तनातल्या विषयांहून फार वेगळे नाही.