जनावरांच्या डॉक्टरने टायरमध्ये हवा भरली. नाव जगभर झालं, पेटंट मात्र हातचं गेलं

पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा किती ठेवू असं विचारतो आणि आपण अंदाजाने तीस किंवा पस्तीस सांगून मोकळे होतो. पण टायरमध्ये हवा आली कुठून? त्यामागे एक जनावरांचा डॉक्टर आहे. जॉन बॉइड डनलॉप. हो, टायरवर असतं तेच नाव.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावचा. एडिनबर्गमध्ये ते पशुवैद्यकशास्त्र शिकले, १८६७ मध्ये आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्टमध्ये त्यांचा दवाखाना जोरात चालू लागला. इंजिनिअरिंगशी तसा काही संबंध नाही.

त्यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती. बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे आणि तेव्हाच्या सायकलींना भरीव रबराच्या धावा. प्रत्येक दगडाचा दणका थेट पाठीला बसायचा.

१८८७ च्या ऑक्टोबरमध्ये डनलॉप यांनी पातळ रबराची नळी बनवली, ती लाकडी चकतीवर बसवली, वरून कापड ताणून खिळे ठोकले आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग त्यांनी अंगणात दोन चाकं सोडली. एक सायकलचं जुनं चाक, दुसरी ही चकती. जुनं चाक थोडं जाऊन आडवं झालं. चकती मात्र पुढे जात राहिली, फाटकाच्या खांबाला धडकली आणि उसळून मागे आली.

हवेचं चाक मऊ असतं, एवढंच त्यातून दिसलं नाही. ते कमी जोरात जास्त लांब जातं, हेही कळलं. भरीव चाक प्रत्येक खड्याला अख्खं वर उचललं जातं आणि तिथेच त्याची ताकद खर्च होते. हवेचं चाक खडा पोटात घेतं आणि पुढे सरकतं.

म्हणजे वजन पेलण्याचं खरं काम रबर नाही, हवा करते. १००० किलोची गाडी घ्या. एका चाकावर साधारण २५० किलो भार येतो. हवेचा दाब ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे सव्वादोन किलो असेल, तर टायरचा जेमतेम १११ चौरस सेंटीमीटर भाग रस्त्याला टेकतो. हाताच्या पंजाहून कमीच! ब्रेक, वळण, पावसातली पकड, सगळं एवढ्याशा जागेवर.

दाब कमी झाला की टायर पसरतो, त्याच्या बाजू सतत दुमडतात, तापतात, कडा झिजतात आणि पेट्रोल जास्त लागतं. उन्हाळ्यात हायवेवर टायर फुटण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. जास्त भरली तर टायर मध्येच झिजतो, पकड कमी होते आणि गाडी उडते. डनलॉप यांनी घालवलेले दणके आपण पुन्हा विकत घेतो म्हणायचं.

योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. छोट्या गाड्यांना तो साधारण ३० ते ३५ च्या घरात असतो, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बऱ्याचदा वेगळा. टायरवर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. आणि मोजायचं ते टायर थंड असताना, कारण गाडी पळाली की आकडा आपोआप चढतो.

डनलॉप यांनी १८८८ मध्ये पेटंट घेतलं. लोक त्या जाडजूड टायरला हसायचे. मग १८ मे १८८९ ला बेलफास्टच्या मैदानात विली ह्यूम हा सायकलपटू ते टायर लावून उतरला आणि जिंकला. हरलेल्यांमध्ये डब्लिनचे उद्योजक हार्वी ड्यू क्रॉस यांची मुलं होती. ड्यू क्रॉस यांनी त्याच वर्षी डनलॉप यांना सोबत घेऊन टायरची कंपनी काढली.

इथे गोष्ट फिरते. रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच, घोडागाड्यांसाठी, हवेच्या टायरचं पेटंट घेतल्याचं समोर आलं. त्या वेळी रबर महाग होतं आणि सायकलींची लाट यायची होती, म्हणून ते विस्मरणात गेलं होतं. डनलॉप यांचं पेटंट रद्द ठरलं. कंपनी तगली ती टायर रिमवर घट्ट बसवण्याची दुसऱ्यांची पेटंटं विकत घेतल्यामुळे.

डनलॉप १८९५ च्या सुमारास बाहेर पडले. पुढच्याच वर्षी कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली आणि लगेच ५० लाखांना बाजारात आली. त्या पैशाचा मोठा वाटा त्यांना मिळाला नाही. ते डब्लिनमध्ये कापडाच्या धंद्यात रमले.

म्हातारपणी मात्र ते त्यांचंच नाव लावणाऱ्या कंपनीविरुद्ध कोर्टात गेले. जाहिरातींमध्ये त्यांचं चित्र नटव्या, छानछोकी पोशाखात छापलं जात होतं आणि साध्या राहणीच्या डनलॉप यांना ते अजिबात पटलं नव्हतं. प्रकरण थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी डब्लिनमध्ये ते वारले. टायरच्या शोधाची स्वतः लिहिलेली हकीकत ते मागे ठेवून गेले होते. त्यांच्या मुलीने ती नंतर छापली.