रिकाम्या काडतुसांचा हिशेब

दिवाळीत टिकल्यांची बंदूक हाती आली की लहान मूल पहिला नेम धरते तो आपल्याच भावंडावर. आपण हसतो आणि विसरून जातो. पण १८८० नंतरच्या दशकात नैनितालच्या डोंगरात एका मुलाच्या हाती खरी बंदूक आली. ती कशी बाळगावी हे मोठ्या माणसांनी त्याला पायरीपायरीने शिकविले. तो मुलगा म्हणजे नरभक्षक वाघांचे शिकारी म्हणून पुढे जगभर नावाजलेले जिम कॉर्बेट. त्यांच्या शिकारकथा आपण आवडीने वाचतो. मला मात्र त्यांच्या शिकण्याची कथा अधिक मोलाची वाटते.

त्यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम सहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा ते वारले. कुटुंब मोठे, मिळकत बेताची. हिवाळ्यात सगळे डोंगर उतरून कालाढुंगीच्या घरी येत. घराला लागूनच जंगल होते. थोरला भाऊ टॉम हा जिमचा पहिला गुरू. जिम मोठ्या आजारातून उठला तेव्हा टॉमने त्याला एक गलोल दिली. पुढे मातीच्या गोळ्या मारण्याचे धनुष्य आले, मग तिरकमठा, आणि बंदूक आली ती सर्वांत शेवटी. तोवर पक्ष्यांचे आवाज, वाटेवरचे माग आणि वाऱ्याची दिशा या मुलाला ओळखता येऊ लागली होती.

पहिली बंदूक तरी कसली? एका नातेवाइकाने दिलेली जुनी, दुनळी, ठासणीची. तिची एक नळी फुटलेली होती आणि दस्ता पितळी तारेने बांधलेला होता. शाबूत नळी तेवढीच भरायची, हा तिचा पहिला धडा. दारू आणि छर्रेही मोजकेच मिळत, म्हणून उगाच बार उडविण्याची चैन परवडणारी नव्हती. जवळच्या खेड्याचा मुखी कुंवरसिंग हा चोरटी शिकार करण्यात तरबेज होता. त्याने जिमला जंगलात नेले. बंदूक हाती असली तरी झाडावर चढता आलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह असे. बंदुकीवर विसंबून जंगलात शिरू नये, हेच त्या अडाणी मानलेल्या माणसाने आपल्या परीने शिकविले.

दहाव्या वर्षी जिम शाळेच्या स्वयंसेवक तुकडीत दाखल झाला. एका मोठ्या पाहुण्यासमोर नेमबाजी दाखविण्याचा प्रसंग आला तेव्हा तो घाबरून गेला. पाहुण्याने त्याला धीर दिला, घाई न करता नेम धरायला सांगितले. त्यानंतर हिवाळ्याच्या सुटीसाठी त्याला मार्टिनी रायफल वापरायला मिळाली. अट एवढीच की रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसे परत आणून द्यायची. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ही अट चटकन उमगावी. खर्च झालेल्या प्रत्येक गोळीचा पुरावा द्यावा लागला की प्रत्येक गोळी झाडण्यापूर्वी विचार करावा लागतो.

पुढे त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि गंगेकाठी मोकामेह घाट येथे मालाच्या चढउताराचे काम वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले. कुमाऊँच्या खेड्यांतून बोलावणे आले की मात्र ते रायफल घेऊन निघत. खेडूत त्यांना प्रेमाने ‘कार्पेट साहेब’ म्हणत.

१९०७ साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून तिने ४३६ माणसे मारल्याची नोंद आहे. त्या दिवशी त्यांच्याजवळ तीनच काडतुसे होती. ती संपली तेव्हा वाघीण जखमी होती, पण जिवंत होती. त्यांनी धावत जाऊन तहसीलदाराची जुनाट बंदूक आणली आणि जवळून तिच्या जबड्यावर नेम धरला. गोळी लागली पंजाला. वाघीण मेली ती आधीच्या गोळ्यांनी. आपला हा नेम चुकल्याचे त्यांनी पुस्तकात सरळ लिहून ठेवले आहे.

पण खरा धडा पुढेच आहे. वाघीण तपासली तेव्हा तिचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले. कोणा शिकाऱ्याच्या जुन्या गोळीची ती खूण होती. त्या जखमेमुळे तिला नेहमीची शिकार करता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष होता. नेम चुकवून कोणी एक माणूस घरी निघून गेला आणि त्या गोळीची किंमत शेकडो घरांनी मोजली. तिचे रिकामे काडतूस त्याच्याकडे कोणीच मागितले नाही.

पुढे त्यांचा ओढा बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याकडे वाढला. वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी ते झटले. १९३६ साली कुमाऊँच्या पायथ्याशी भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी छिंदवाड्याला सैनिकांना जंगलात वावरण्याचे शिक्षण दिले. १९४७ साली ते केनियात गेले आणि तेथेच १९ एप्रिल १९५५ रोजी निवर्तले.

आज काळ बदलला आहे. १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी घातली आणि एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय बंदुकीचा परवाना मिळत नाही. ते योग्यच आहे. तरी आपल्यापैकी पुष्कळांनी एन.सी.सी.च्या शिबिरात पॉइंट टू-टू रायफल हाती धरली आहे. रिकामी असो वा भरलेली, नळी कोणाकडेही रोखायची नाही. हुकूम मिळेपर्यंत बोट चापाला लावायचे नाही. शेवटी पुंगळ्या मोजून द्यायच्या. पहिल्या दिवशी मला याचा कंटाळा आला होता. कॉर्बेट यांचे चरित्र वाचल्यावर तो गेला. गोळी एकदा सुटली की ती परत बोलावता येत नाही. तिचा हिशेब मात्र शेवटपर्यंत आपल्याच नावावर राहतो.