दादासाहेब फाळके आणि कुंडीतला वाटाणा



मे महिना तोंडावर आला की आपल्या परभणीकडे घरोघरी एकच प्रश्न असतो. ऊन असं की दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. पोरं दिवसभर घरात. यांना करायला द्यायचं काय? बहुतेक जण स्वाध्याय पुस्तिका आणून देतात, आणि ती चार दिवसांत कपाटावर जाते. त्यापेक्षा एखादी कधी न केलेली गोष्ट महिनाभर घरीच करून बघायचं आव्हान द्यावं, असं मला वाटतं. असं आव्हान चाळिशी उलटलेल्या एका माणसाने स्वतःच स्वतःला दिलं होतं. त्याची गोष्ट आज सांगते. मुलांना वाचून दाखवा, पण आधी तुम्ही वाचा.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच आपले दादासाहेब फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान. घरात पोथ्या, पाठांतर, पूजाअर्चा. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांचं शिक्षण झालं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. चित्रकला झाली, फोटोग्राफी झाली, मातीकाम, छपाई, ब्लॉक बनवणं, इतकंच काय तर जादूचे प्रयोगसुद्धा शिकून झाले. जादूगार म्हणून त्यांनी स्वतःचं आडनाव उलटं करून घेतलं होतं, प्रोफेसर केळफा! मुलांना हे फार आवडतं. सांगून बघा, लगेच सगळा वर्ग आपापली नावं उलटी करायला लागतो.

पण अशा माणसाचा संसार सोपा नसतो. गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा धंदा सुरू केला आणि प्लेगच्या साथीत पहिली पत्नी व मूल दोघंही गेली. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडली. छापखाना काढला, रंगीत छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी पटेना, छापखानाही सोडला. १९०२ मध्ये सरस्वतीबाईंशी लग्न झालं होतं, घरात लेकरं होती. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, हातात स्थिर काम नसलेला बाप. शेजारीपाजारी, नातेवाईक काय म्हणत असतील ते तुम्हाला सांगायला नको.

याच काळात गिरगावातल्या तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. पडद्यावर येशू दिसत होता आणि त्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहिले. आपल्या देवादिकांच्या गोष्टी अशा का दाखवू नयेत? दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले.

आता इथे नीट लक्ष द्या. या माणसाने लगेच कंपनी काढली नाही. आधी एक छोटंसं यंत्र आणि काही रिळं आणली. रात्री घरातच मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून भिंतीवर चित्रं पाडून बघायला सुरुवात केली. दिवसा मिळेल तो सिनेमा बघायचा, रोज चार-पाच तास. झोप जवळजवळ नाहीच. याची किंमत त्यांच्या डोळ्यांनी मोजली. दिसणं कमी कमी होत गेलं आणि अंधत्व येतं की काय अशी वेळ आली. डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी वाचली. मुलांना सांगताना हा भाग गाळू नका. जिद्दीचं कौतुक करताना झोप आणि डोळे यांचं महत्त्वही सांगायला हवं, विशेषतः आजच्या मोबाईलच्या दिवसांत.

डोळे सावरल्यावर त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. ओळखीपाळखी काही नाहीत. तिथल्या बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकांना जाऊन भेटले, त्यांच्यामुळे एका स्टुडिओत काम बघायला मिळालं. विल्यमसन कॅमेऱ्याची, कच्च्या फिल्मची आणि फिल्मला भोकं पाडायच्या यंत्राची खरेदी ठरवून ते एप्रिलमध्ये परत आले.

सामान आलं, पण पैसे संपले. सावकाराला सिनेमा म्हणजे काय हे समजावायचं कसं? नुसत्या बोलण्यावर कोण पैसे देणार?

तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला.

हो, वाटाणा! दादरच्या राहत्या घरी कुंडी ठेवली, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. बी फुटलं, कोंब वर आला, पानं आली, वेल चढला. महिनाभराची ही वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसायची. या छोट्या चित्रपटाचं नाव ‘अंकुराची वाढ’.

पाचवीच्या मुलांकडून मी यावर एक गणित करून घेते. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रं पडद्यावरून जात. मग एका मिनिटाला किती? १६ गुणिले ६०, म्हणजे ९६०. ती ३० दिवसांत वाटली तर रोजची ३२. (हा आमच्या फळ्यावरचा हिशेब, फाळक्यांच्या वहीतला नव्हे.) मुलं गप्प होतात. महिनाभर रोज, एकही दिवस न चुकता, कॅमेरा जागचा न हलवता! घरात लेकरं खेळताहेत, कुंडीला धक्का लागता कामा नये. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि हे एकट्याचं काम नव्हतं. फिल्मला कडेने भोकं घरीच पाडावी लागत, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुणंही शिकल्या. पोळ्या लाटणारे हात अंधारात चाचपत फिल्मला भोकं पाडत होते, हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणा. आपण फाळक्यांचा धडा शिकवतो आणि सरस्वतीबाईंना एका ओळीत उरकतो. मला हे बरोबर वाटत नाही.

वाटाण्याचा वेल पडद्यावर चढताना पाहून मात्र पैसेवाल्यांचा विश्वास बसला आणि कर्ज मिळालं. सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामात गहाण पडले. त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंखे यांना लुगडं नेसवलं. रोहिदास झाला घरचाच मुलगा, भालचंद्र. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात तो लोकांसाठी लागला आणि पुढचं सगळं आपण पुस्तकात शिकवतोच.

तुमच्या घरी वाटाणा नसेल तर हरभरा घ्या, मूग घ्या. आपण शेतीवाल्या जिल्ह्यातली माणसं, बियाणं घरात असतंच. मोबाईल एका जागी टेकवून ठेवायची खूण करा आणि रोज ठरलेल्या वेळी एकच फोटो. दिवसाला पाच मिनिटांचं काम. मधे कंटाळा येणार, साधारण सहाव्या-सातव्या दिवशी येतोच. तेव्हा आठवण मुलाला करून द्या, पण फोटो त्यालाच काढू द्या.

फाळक्यांनी नंतर नाशिकला बस्तान हलवलं, कितीतरी चित्रपट काढले. बोलपट आल्यावर त्यांचा काळ मागे पडला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच ते गेले. शेवटची वर्षं ओढाताणीची होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला, तो बघायला ते नव्हते.

१९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. हा मूकपट आज बघायला मिळतो. सुरुवातीलाच ती पोर कॅमेऱ्यासमोर फक्त चेहऱ्याने राग, हसू, रडू करून दाखवते. वर्गात लावा, संवाद नसल्यामुळे पहिलीच्या मुलांनाही सगळं कळतं.