कै. रँग्लर परांजपे

ज्या वयात माणसे काठी टेकीत देवदर्शनास जातात, त्या वयात कै. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी विद्यापीठाची धुरा खांद्यावर घेतली. त्यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे, विशेषतः मुलांपुढे, ठेवावे असे आम्हांस वाटले.

त्यांचा जन्म १८७६ साली दापोली तालुक्यातील मुर्डी या खेड्यात झाला. महर्षी अण्णासाहेब कर्वे हे त्यांचे आप्त. त्यांनीच रघुनाथाच्या शिक्षणाची काळजी वाहिली. सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला जाऊन १८९९ साली गणिताच्या परीक्षेत ते संयुक्तपणे प्रथम आले. 'सीनिअर रँग्लर' हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. मोठ्या पगाराची सरकारी चाकरी न धरता ते फर्ग्युसन महाविद्यालयात अल्प वेतनावर शिकवू लागले व १९०२ साली प्राचार्य झाले. पुढे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री आणि १९३२ ते १९३८ लखनौचे कुलगुरू अशी पदे त्यांनी भूषविली.

१९४४ साली ते हिंदुस्थानचे पहिले उच्चायुक्त म्हणून ऑस्ट्रेलियात गेले. गोऱ्यांखेरीज इतरांनी तेथे कायमची वस्ती करू नये, असे त्या देशाचे तेव्हा धोरण होते. जेथे कातडीच्या रंगावरून माणसाची पारख होई, तेथे आपल्या देशाची बाजू मांडण्याचे अवघड काम त्यांनी १९४७ पर्यंत केले. पुढे १९५६ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले व १९५९ पर्यंत त्या पदावर राहिले. १९६६ साली त्यांचे देहावसान झाले.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. परांजपे कट्टर बुद्धिवादी होते. कर्मकांड व जातिभेद त्यांस मान्य नव्हते. मग ज्ञातीच्या स्मरणिकेत त्यांचे गुणगान करण्याचा अधिकार आपणांस आहे काय? परदेशातील वर्णभेदाचा राग यावा आणि घरच्या भेदाचे काही वाटू नये, हे त्यांच्या विचारात बसणारे नव्हते. त्यांचे मोठेपण जन्माने आले नाही. ते विद्येने आले.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. आपले मंडळ जी वह्यापुस्तके देईल, ती केबिन रोडवरील कोणाही गरजू मुलास, त्याची जात न विचारता, मिळावीत. तसे झाले तरच त्यांचे नाव घेणे आपणांस शोभेल. नाही तर हे चार शब्द कोरडेच ठरतील.