पाणीवाली बाई आणि अकोल्याचा तुरुंग

आणीबाणी आपण वर्गात बहुतेक वेळा तारखेपुरतीच शिकवतो. 25 जून 1975 ला लागली, 1977 मध्ये उठली, झालं! त्या काळात माणसांचं काय झालं हे मुलांना सांगायचं असेल, तर मृणालताई गोरे यांचं चरित्र जरूर सांगावं. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ आपल्याच विदर्भात, कोराडीपासून साधारण अडीचशे किलोमीटरवरच्या अकोला तुरुंगात गेला.

मृणालताईंचा जन्म 24 जून 1928 चा. माहेरच्या त्या मोहिले. डॉक्टर व्हायचं म्हणून शिक्षण सुरू केलं होतं, पण राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामासाठी ते सोडलं. केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न झालं आणि दोघांनी मुंबईत गोरेगावात काम उभं केलं. 1958 मध्ये पती गेले. पदरात लहान मुलगी होती. तरीही ताई थांबल्या नाहीत. 1961 मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या. वस्त्यांना नळाचं पाणी मिळावं म्हणून इतक्या भांडल्या, की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. 1972 मध्ये त्या आमदार झाल्या. त्याच सुमारास अहिल्याताई रांगणेकरांसोबत त्यांनी महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे काढले.

आणीबाणी लागल्यावर ताई काही महिने भूमिगत राहिल्या. शेवटी पकडल्या गेल्या आणि मिसा कायद्याखाली स्थानबद्ध झाल्या. या कायद्यात खटला नव्हता, सुटकेची तारीखही नव्हती. अकोल्यात त्यांना राजकीय कैद्यांपासून वेगळं ठेवलं. शेजारी कुष्ठरोगाने जर्जर झालेली एक कैदी बाई होती आणि दुसरी मानसिक आजाराची. एका आमदार बाईचं मन खचावं म्हणूनच ही जागा निवडली, असं दिसतं.

इथं मुलांना थोडं थांबवून विचारायला हवं. ताईंसाठी जी शिक्षा होती, ती त्या दोन बायकांची रोजचीच जागा होती. एकीला औषधोपचार हवे होते, दुसरीलाही दवाखानाच हवा होता. ताईंची बातमी झाली, पुढे इतिहासात नोंद झाली. त्या दोघींची नावं कुणालाच माहीत नाहीत.

त्याच काळात बंगळूरच्या तुरुंगात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी होत्या. त्यांना दम्याचा जबर त्रास होता. 15 जानेवारी 1977 ला त्यांना पॅरोलवर सोडलं आणि पाचच दिवसांत त्या वारल्या. मृणालताई मात्र सुटून आल्या आणि 1977 मध्ये उत्तर मुंबईतून खासदार झाल्या. पुढे 1983 मध्ये त्यांनी अत्याचारग्रस्त बायकांसाठी गोरेगावात स्वाधार हे केंद्र सुरू केलं. गर्भलिंग तपासणीविरुद्धही त्या लढल्या. 17 जुलै 2012 ला त्यांचं निधन झालं.

मग कोठडीतल्या बेनाव बायकांचं काय? पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या 15 महिला कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचं त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं होतं. 1983 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की महिलांसाठी वेगळी कोठडी हवी, पहारा महिला शिपायांचा हवा आणि चौकशी महिला पोलिसांसमोरच व्हावी. गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणं बेकायदा आहे, हा निकाल यायला मात्र 1993 उजाडलं.

आपल्या मुलींना हे नियम ठाऊक असायलाच हवेत. आणि मुलांनाही, कारण उद्या त्यांच्यातलाच कुणी खाकी घालून कोठडीच्या दाराशी उभा असेल.