लोकशाहीर अमर शेख

सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर भागात, मराठवाड्याच्या सीमेलगत बार्शी हे जुने व्यापारी गाव वसले आहे. भगवंताच्या मंदिरामुळे हे गाव भाविकांना ठाऊक आहे. ब्रिटिश अमदानीत येथे कापसाचा मोठा व्यापार चालत असे. त्या व्यापाराच्या पाठोपाठ १८९७ साली बार्शीला अरुंद रुळांची आगगाडी आली, आणि पुढे कापडाच्या गिरण्याही उभ्या राहिल्या. त्या काळी बार्शीपर्यंत इंग्रजांचे राज्य होते. थोडे पलीकडे गेले की निजामाचा मुलूख लागे. दोन्हीकडच्या लोकांची भाषा मराठीच होती, ओव्या आणि अभंगही तेच होते. परंतु मधून राज्यांची सीमा गेली होती. अशा या गावात २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब मुसलमान कुटुंबात एक मूल जन्मास आले. त्याचे नाव मेहबूब हुसेन पटेल. हाच मुलगा पुढे शाहीर अमर शेख या नावाने साऱ्या महाराष्ट्रास परिचित झाला.

मेहबूबच्या आईचे नाव मुनेरबी. घरात धनदौलत नव्हती. पण या माउलीजवळ लोकगीतांचे मोठे भांडार होते. अनेक मराठी गीते तिला मुखोद्गत होती. ती गीते ऐकतच मेहबूब लहानाचा मोठा झाला. शाहिराला लागणारी भाषा त्याला पोथीतून मिळाली नाही; ती आईच्या कंठातून मिळाली. गरिबीमुळे त्याचे शिक्षण अर्ध्यावर राहिले. पोटासाठी त्याने पडेल ते काम पत्करले. काही काळ तो मोटारीवर क्लीनर होता, आणि पुढे गिरणीत मजूर म्हणून राबू लागला. यंत्रांच्या खडखडाटात दिवस जाई. परंतु गळ्यातील गाणे काही त्या खडखडाटात हरवले नाही.

मेहबूब चौदा वर्षांचा होत होता, त्या सुमारास त्याच्या जिल्ह्यात मोठी घडामोड झाली. मे १९३० मध्ये महात्मा गांधींना अटक झाल्याची वार्ता येताच सोलापूर शहर पेटून उठले. गिरणी कामगार रस्त्यावर आले. सरकारने शहरात लष्करी कायदा जारी केला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार सोलापूरकरांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. भिन्न धर्मांची व भिन्न जातींची ही माणसे एका ध्येयासाठी एकाच दिवशी फासावर गेली. ज्या जिल्ह्याने हे दृश्य पाहिले, त्या जिल्ह्यातील तरुणांच्या मनात स्वातंत्र्याची ज्योत पेटावी यात नवल ते काय? मेहबूबही राष्ट्रीय चळवळीकडे ओढला गेला.

बार्शीच्या गिरणी कामगारांनी आपल्या मागण्यांसाठी संप पुकारला, तेव्हा मेहबूब त्यात अग्रभागी होता. परिणामी त्याला कारावास भोगावा लागला. विसापूरच्या तुरुंगात त्याची रघुनाथ कऱ्हाडकर या कम्युनिस्ट कार्यकर्त्याशी गाठ पडली. श्रम करणाऱ्याच्या घरी दारिद्र्य का, आणि श्रम न करणाऱ्याच्या घरी सुबत्ता का, हा प्रश्न त्याने स्वतःच्या आयुष्यात अनुभवला होताच. आता त्या प्रश्नाचा विचार करण्याची एक दिशा त्याला लाभली. तो कम्युनिस्ट विचारांचा झाला, आणि तुरुंगातून बाहेर पडला तो आपले आयुष्य कष्टकऱ्यांसाठी वेचण्याचा निश्चय करूनच.

त्यानंतर मेहबूब कोल्हापुरास गेला. तेथे मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेत त्याला काम मिळाले. त्याचा खडा, पहाडी आवाज ऐकून सोबतीही थक्क होत. अमर शेख हे नाव त्याला तेथेच मिळाले, आणि तेच पुढे कायमचे झाले. चित्रपटसृष्टीत राहून कदाचित पैसा मिळाला असता. पण त्यांचे मन तेथे रमले नाही. ज्यांना चित्रपटाचे तिकीट परवडत नाही, अशा माणसांपर्यंत आपले गाणे पोचावे ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना.

कलेने लोकांच्या दारी जावे, हा विचार त्या काळी भारतापुरता मर्यादित नव्हता. दूरच्या चीन देशातही तो मूळ धरीत होता. चीनचे जुने नाटक गायन व नृत्य यांनी नटलेले असे. १९०७ साली टोकियोत शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांनी गुलामांच्या छळाची कथा गद्य संवादांतून रंगभूमीवर आणली, आणि तेथून नव्या चिनी नाटकाचा आरंभ झाला. पुढे १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. तेव्हा तेथील नटांनी शहरांतील नाट्यगृहे सोडली आणि ते खेडोपाडी फिरू लागले. पडदा नाही, व्यासपीठ नाही. चौकात वा मैदानात ते छोटी नाटके करीत आणि निरक्षर शेतकऱ्यांना देशावरील संकटाची जाणीव करून देत. याच युद्धात जखमी झालेल्यांची शुश्रूषा करण्यासाठी १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यांतील डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचेच सुपुत्र होते. अखंड रुग्णसेवा करीत असता ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचे देहावसान झाले. अशा रीतीने चीनच्या लढ्याशी सोलापूरचे नाते जडले.

भारतातही असेच वारे वाहू लागले होते. मे १९४३ मध्ये मुंबईत भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली. निरनिराळ्या प्रांतांतील नट, गायक व लेखक तेथे एकत्र आले. त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. कलावंतांनी गावोगाव गाऊन या आपत्तीची हकीकत लोकांना सांगितली आणि दुष्काळग्रस्तांसाठी साहाय्य गोळा केले. महाराष्ट्रात ही हाक पोचविणारे लोकशाहीर अण्णा भाऊ साठे हे अमर शेखांचे सहकारी होते.

१९४४ साली अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तिघांचीही प्रतिभा निराळी. परंतु ध्येय एक होते. हे कलापथक म्हणजे एक चालतीबोलती रंगभूमीच होती. डफ, तुणतुणे आणि ढोलकी एवढाच त्यांचा सरंजाम. कामगारांच्या वस्तीत वा गावच्या पटांगणात ते उभे राहत. डफावर थाप पडली की माणसे गोळा होत. मुख्य शाहीर एक कडवे गाई, मागचे झीलकरी त्याला साथ देत, आणि पाहता पाहता सारा श्रोतृसमुदाय त्या सुरात मिसळून जाई.

पोवाडा आणि तमाशा हे महाराष्ट्राचे जुने कलाप्रकार. पूर्वीच्या पोवाड्यात राजांचे व सरदारांचे पराक्रम असत. या शाहिरांनी त्यात कामगारांचे व शेतकऱ्यांचे लढे आणले. जुन्या तमाशाच्या आरंभी गणेशाचे स्तवन होई. अण्णा भाऊंनी तेथे मातृभूमीला आणि तिच्यासाठी झटणाऱ्यांना वंदन केले. सावकार, जमीनदार, काळाबाजार करणारा व्यापारी ही पात्रे लोकांच्या रोजच्या परिचयाची होती. ती रंगणात येऊन फजीत होऊ लागली की प्रेक्षक पोट धरून हसत. आणि हसता हसता त्यांना आपल्या दुःखाचे कारण उमगे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे शेतकऱ्यांची मोठी परिषद भरली. अशा मेळाव्यांतून कलापथकाची कीर्ती सर्वत्र पसरली, आणि अमर शेखांचा आवाज कष्टकऱ्यांना आपलासा वाटू लागला.

ज्या कलेत लोकांना जागे करण्याचे सामर्थ्य असते, तिचे राज्यकर्त्यांना भय वाटते. देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत तत्कालीन मुंबई सरकारने लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशालाही बंदी आली. तेव्हा अण्णा भाऊंसारख्या कलावंतांनी त्याला लोकनाट्य असे नाव देऊन ती कला जिवंत ठेवली. अन्य देशांतही याचा प्रत्यय आला आहे. ज्या चीनमध्ये नटांनी शेतकऱ्यांना जागे केले, त्याच चीनमध्ये १९६६ ते १९७६ या काळात सत्ताधाऱ्यांनी रंगभूमी आपल्या मुठीत घेतली. ठरावीक आदर्श नाटके तेवढी होऊ दिली, आणि अनेक नाटककारांचा व नटांचा छळ केला. लोकांचा आवाज होणे आणि सत्तेचा आवाज होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमर शेखांनी पहिला मार्ग पत्करला होता, आणि त्याचे मोलही त्यांनी मुकाट्याने दिले.

त्यांच्या वाणीची खरी कसोटी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात लागली. मराठी भाषिकांचे मुंबईसह एक राज्य व्हावे ही जनतेची मागणी होती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ निदर्शकांवर गोळीबार झाला आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. आंदोलन संपेपर्यंत शंभरांहून अधिक माणसे हुतात्मा झाली. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्या सभांतून आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे यांसारखे नेते बोलत, आणि शाहीर आपल्या गाण्यांनी सभा जागवीत. अमर शेख, अण्णा भाऊ व गव्हाणकर या तिघांनी महाराष्ट्र पिंजून काढला. वृत्तपत्र वाचता न येणाऱ्या माणसालाही या आंदोलनाचा अर्थ कळला, तो शाहिरांच्या मुखातून. बार्शीच्या वेशीपलीकडे परके राज्य पाहत वाढलेल्या अमर शेखांना मराठी माणसाच्या ताटातुटीचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागले नाही. अखेर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. बार्शी आणि मराठवाडा आता मराठी भाषिकांच्या एकाच राज्याचे घटक होते.

यानंतर दोनच वर्षांनी त्यांच्यापुढे निराळा प्रसंग उभा राहिला. १९६२ साली चीनने भारतावर आक्रमण केले. ज्या विचारसरणीसाठी अमर शेखांनी आयुष्य वेचले, तिचेच राज्य चीनमध्ये होते. अशा वेळी कोणाचेही मन द्विधा व्हावे. परंतु अमर शेखांच्या मनाची चलबिचल झाली नाही. हिमालयाच्या रक्षणासाठी जनतेला साद घालणारी गीते त्यांनी रचली आणि त्याच पहाडी आवाजात ती गावोगावी गाइली. कष्टकऱ्यांवरील त्यांचे प्रेम आणि मातृभूमीवरील त्यांची निष्ठा ही एकाच मुळाची दोन पालवी होती, हे त्या वेळी सर्वांना दिसून आले.

अमर शेख हे केवळ गायक नव्हते. ते कवीही होते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह प्रसिद्ध आहेत. ‘पहिला बळी’ हे नाटकही त्यांनी लिहिले. १९६१ साली प्रदर्शित झालेल्या ‘प्रपंच’ या मराठी चित्रपटात त्यांनी भूमिका केली. आचार्य अत्र्यांनी त्यांची तुलना रशियाचा क्रांतिकवी मायकोव्हस्की याच्याशी केली होती. एवढा लौकिक मिळाला, तरी त्यांची राहणी साधीच राहिली. मोठ्या सभागृहात जितक्या तन्मयतेने ते गात, तितक्याच तन्मयतेने ते कामगारांच्या चाळीसमोर उभे राहून गात.

१९६९ साल हे मराठी शाहिरीला फार दुःखाचे ठरले. १८ जुलै रोजी अण्णा भाऊ साठे यांचे निधन झाले. त्यानंतर दीड महिना लोटतो न लोटतो तोच, २९ ऑगस्ट रोजी इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात अमर शेख यांचाही अंत झाला. ज्या मातीत ते जन्मले, त्या सोलापूर जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच हा घाला पडला. वयाची त्रेपन्न वर्षेही त्यांनी पुरी केली नव्हती.

मुंबई विद्यापीठात आज शाहीर अमर शेख यांच्या नावाने अध्यासन आहे, आणि तेथे लोककलांचा अभ्यास होतो. एका गिरणी मजुराच्या नावाने विद्यापीठात अध्यासन असावे, हा त्या नावाचा गौरव तर खराच. पण ज्या श्रमिकांची सुखदुःखे त्याने गाइली त्यांचाही तो गौरव आहे. अमर शेखांजवळ संपत्ती नव्हती, अधिकार नव्हता, मोठी पदवीही नव्हती. आईने दिलेली गाणी आणि निसर्गाने दिलेला कंठ एवढेच त्यांचे भांडवल होते. ते त्यांनी स्वतःच्या सुखासाठी राखून ठेवले नाही. म्हणूनच आजही महाराष्ट्रात डफावर थाप पडते, तेव्हा बार्शीच्या या शाहिराचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.